जानेवारीची हाफ आणि नडगीचं हाड

पत्र थोडक्यात असं: वय ३९, पुण्यात बँकेत नोकरी, तीन वर्षं झाली पळायला लागून. हाफ मॅरेथॉनचा बेस्ट टाइम २ तास ९ मिनिटं. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची हाफ २ तासांच्या आत करायची म्हणून जूनपासून प्लॅन धरला, त्यात सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ होती म्हणून दर रविवारी ग्रुपबरोबर बोपदेव घाट. श्रावणात सोमवार-शनिवार उपास केले, चार किलो उतरले, "एकदम हलकं वाटत होतं". ऑगस्टअखेर उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा वर, दुखायला लागलं. सातारा तशीच पळाली, उतारावर लंगडत. एक्सरे नॉर्मल, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर (सारख्या ताणानं हाडाला पडलेली बारीक चीर). डॉक्टरांनी तीन आठवडे बूट दिला आणि एकूण आठ आठवडे पळणं बंद सांगितलं. आता पाचवा आठवडा चालू आहे, चालताना काही होत नाही. मागच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुपचूप किलोमीटरभर जॉग केलं, तेव्हा काही वाटलं नाही, रात्री "थोडंसं ठणकलं". वजन वाढू नये म्हणून रात्रीचं जेवण बंद केलंय. नवरा म्हणतो या वयात कशाला हे सगळं. तिचा प्रश्न, जानेवारी सोडायची का, आणि तोपर्यंत फिटनेस टिकवायचा कसा, कारण "साबळेसारखे लोक पण इंज्युरीतून परत येतातच ना" (म्हणजे स्टीपलचेस, अडथळ्यांची शर्यत पळणारा अविनाश साबळे). आणि अगदी शेवटी कंसात एक वाक्य, की पाळी अडीच महिने आलेली नाही, पण ते वयामुळे असेल.

अगं (तूच म्हणालीस तू म्हणा म्हणून, तर तू), आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. जानेवारीची हाफ सोड. "बघू, जमलं तर" असं पण ठेवू नकोस, कारण ते जमलं-तर डोक्यात राहिलं की तू दर दोन दिवसांनी पार्किंगमध्ये जाऊन पाय तपासणार. मी डॉक्टर नाही, नवीन लोकांना पळायला शिकवते एवढंच, पण या बाबतीत तुझे डॉक्टर वेगळं सांगतील असं मला वाटत नाही.

हिशोब बघ ना साधा. आठ आठवडे संपणार नोव्हेंबरच्या मध्यावर. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे मध्ये राहिले नऊ आठवडे. त्यातले पहिले चार ते सहा आठवडे जातात नुसतं एक मिनिट पळ दोन मिनिटं चाल करत करत सलग अर्धा तास पळण्यापर्यंत यायला, आणि ते सुद्धा एकदाही मागे न जाता. डिसेंबर संपताना तू चार-पाच किलोमीटर आरामात पळत असशील, खरं तर तेच खूप छान. तिथून तीन आठवड्यांत २१ किलोमीटर, तेही किलोमीटरला ५:४० मिनिटांच्या पेसनं? याच पायावर?

आता "दुखत नाही म्हणजे बरं झालं" याबद्दल बोलू, कारण सगळी गडबड तिथेच आहे. हाडावर सारखा ताण आला की शरीर आधी तिथलं जुनं झिजलेलं हाड काढून टाकतं आणि मग नवीन भरतं. काढायचं काम साधारण तीन आठवड्यांत होतं आणि भरायचं काम तीन-चार महिने चालतं. म्हणजे मधला बराच काळ ती जागा आधीपेक्षा कमजोर असते, आणि तू नेमकी त्याच काळात घाट उतरत होतीस. वेदना मात्र खूप आधी थांबते. स्लॅब टाकल्यावर आठवड्यात वरून चालता येतं, पण म्हणून कोणी सेंट्रिंग काढत नाही ना, तसंच हे. हृदय-फुफ्फुसं लवकर तयार होतात, स्नायू त्याच्या मागोमाग, हाड सगळ्यात शेवटी, आणि जूनपासूनच्या प्लॅनमध्ये झालं ते हेच, की दम भरपूर होता म्हणून तू वाढवत गेलीस आणि नडगी मागे राहिली.

रात्री ठणकलं हे तू "थोडंसं" म्हणून लिहून पुढे गेलीस. मला ते पत्रातलं दुसऱ्या नंबरचं महत्त्वाचं वाक्य वाटलं. पळताना न दुखता रात्री पडल्यावर त्याच जागी ठणकणं हे हाडाचं दुखणं असल्याचं चांगलं लक्षण आहे (चांगलं म्हणजे स्पष्ट). एक कर, बसून अंगठ्यानं नडगीच्या आतल्या कडेवर घोट्यापासून वर वर दाबत जा, दर बोटभर अंतरावर. सगळीकडे सारखंच वाटतंय की रुपयाच्या नाण्याएवढ्या एका जागी "स्स" होतंय? एकाच जागी होत असेल तर अजून भरतंय, विषय संपला. रोज दहादा दाबून बघू नकोस पण, आठवड्यातून एकदा पुरे. आणि पार्किंगच्या जॉगचं डॉक्टरांना सांग, लपवू नकोस, ते रागावले तर रागावले, त्यांना आठ आठवडे पुढे ढकलायचे की नाही ते ठरवायला ही माहिती लागते.

पहिल्या नंबरचं वाक्य ते कंसातलं.

खरं तर मला सगळ्यात जास्त त्याच्यावरच लिहायचंय. अडीच महिने पाळी नाही, चार किलो उतरलेत, आठवड्यातले दोन दिवस उपास, वर घाट आणि लाँग रन, आणि त्याच सुमारास हाडाला चीर. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर प्रत्येकीचं काहीतरी कारण सांगता येतं, एकत्र ठेवली की वेगळंच चित्र दिसतं. जेवढी ऊर्जा पळण्यात जाते तेवढी खाण्यातून आली नाही तर शरीर खर्च कमी करायला लागतं, आणि पहिली काट मारतं पाळीवर आणि हाडांवर. पाळी थांबते म्हणजे इस्ट्रोजेन कमी होतं, आणि हाड मजबूत ठेवायला तेच लागतं. ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं, आणि हे फक्त बारीक मुलींना किंवा एलिट लोकांना होतं असं नाही, पुरुषांना पण होतं, नोकरी करून पहाटे पळणाऱ्या कोणालाही होऊ शकतं. गंमत म्हणजे सुरुवातीला खरंच हलकं वाटतं, पेस सुधारतो, ग्रुपमध्ये सगळे म्हणतात काय मस्त बारीक झालीस, आणि आपण त्याच रस्त्यानं पुढे जातो.

तुला हेच झालंय असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पाळी थांबायला थायरॉइड असू शकतो, पेरिमेनोपॉज (पाळी जाण्याआधीचा काळ) असू शकतो, आणि आधी घरी करायची प्रेग्नन्सी टेस्ट कर, हसू नकोस. पण "वयामुळे असेल" हे ३९ व्या वर्षी स्वतःच ठरवून मोकळं होण्यासारखं नाही. गायनॅककडे जा आणि तिथे फक्त पाळीचं सांगून येऊ नकोस, स्ट्रेस फ्रॅक्चर झालंय, इतकं पळते, इतकं वजन उतरलं हे एका दमात सांग. आणि ऑर्थोच्या डॉक्टरांना पाळीचं सांग. होतं काय की हाडवाल्याला हाडाचं सांगतो, गायनॅकला पाळीचं, आणि दोन्ही एकाच बाईचं आहे हे कोणालाच कळत नाही. व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, थायरॉइड, हिमोग्लोबिन-फेरिटिन या टेस्ट विचार. आपल्याकडे एवढं ऊन असून डी कमी निघणारे ढिगानं आहेत, कारण आपण पळतो पहाटे अंधारात आणि दिवसभर एसीत बसतो.

म्हणून रात्रीचं जेवण आजपासून चालू कर, प्लीज. पळत नाहीये मग खायचं कशाला हा हिशोब इथे उलटा पडतो, हाड भरायला माल लागतो आणि तो तू नेमका आत्ताच बंद केलायस. फार काही सांगत नाही, भाकरी-भाजी, वाटीभर डाळ किंवा उसळ, दही नाहीतर ताक, अंडी खात असशील तर अंडी. नाचणी आण घरात, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, भाकरी कर, आंबील कर, काहीही. दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे दूध-दही, नाचणी, तीळ मिळून जमतं, गोळी लागेल की नाही ते रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील. उपासाबद्दल मी काही बोलणार नाही, श्रद्धेचा भाग आहे, पण ज्या दिवशी उपास त्या दिवशी हेवी वर्कआउट नाही, आणि उपास म्हणजे दिवसभर चहा आणि रात्री दोन चमचे भगर असा तर नाहीच, दाण्याची आमटी, राजगिरा, दूध, पनीर, पोटभर.

आता फिटनेस. तू लिहिलंयस "तीन वर्षांची मेहनत पाण्यात". नाही गं जात. दोन-तीन आठवडे काहीच केलं नाही तर दमसास थोडा उतरतो हे खरं, पण तो परत पण लवकर येतो, आणि तुला काहीच-करू-नको असं कोणी सांगितलेलं नाही, पळू नको सांगितलंय. या दोन्हीत खूप जागा आहे.

तुझ्या केसमध्ये सगळ्यात भारी म्हणजे खोल पाण्यात पळणं. तलावाच्या खोल भागात कमरेला फ्लोट बेल्ट बांधायचा, पाय तळाला टेकता कामा नये, आणि पळतो तसेच हात-पाय चालवायचे. शरीर सरळ, जरासं पुढे झुकलेलं, गुडघा वर, पाय मागे ढकलायचा, नाहीतर नुसतं सायकल मारल्यासारखं होतं. नडगीवर शून्य मार आणि दम मात्र पुरेपूर लागतो. घड्याळातल्या हार्ट रेटवर जाऊ नकोस, पाण्यात तो जमिनीपेक्षा दहा-एक ठोके कमी दिसतो, श्वासावरून ठरव. नुसतं अर्धा तास तरंगत राहिलं तर बोअर होऊन तिसऱ्या दिवशी सोडशील, म्हणून इंटरव्हल कर, दोन मिनिटं जोरात एक मिनिट हळू, असे आठ-दहा. तलावातले काका लोक बघतील ही बाई एकाच जागी काय करतेय म्हणून, बघू दे. आणि थंडीत पुण्यातलं सकाळचं पाणी म्हणजे शिक्षाच आहे, तेव्हा संध्याकाळची बॅच बघ. पोहता येत नसेल तर कोच असतानाच उतर, बेल्टवर विसंबून एकटी नाही.

तलाव जमत नसेल तर स्टॅटिक सायकल, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, रेझिस्टन्स कमी ठेवून, सीटवर बसूनच. घरी आठवड्यातून तीनदा ताकदीचे व्यायाम, ब्रिज, साइड प्लँक, क्लॅमशेल, खुर्चीत बसून टाचा उचलणं, आणि वरच्या अंगासाठी डंबेल. पळणाऱ्यांना हे सगळं कंटाळवाणं वाटतं मला माहितीये, सगळे फक्त पळायला बघतात, पण पोटरी जेवढी मजबूत तेवढा नडगीवरचा भार वाटला जातो. एक दिवस पूर्ण सुट्टी हवीच. इंज्युरीत काही जण पळण्याच्या दुप्पट क्रॉस ट्रेनिंग (पळण्याऐवजीचे दुसरे व्यायाम) करायला लागतात, आणि परत तेच, ऊर्जा सगळी तिकडे आणि हाडाला उरत नाही काही.

मालिश आणि हाडवैद्य याबद्दल तू विचारलं नाहीस पण घरात कोणीतरी म्हणेलच, तेल लावून जरा चोळून घे. पोटरी हलक्या हातानं चालेल, त्या जागेवर दाबून अजिबात नाही. आणि दुखणं मारायच्या गोळ्या घेऊन पळून बघायचं नाही, हा तर गुन्हाच समज, ठणका हा तुझ्याकडचा एकमेव मीटर आहे, तोच बंद करून कसं चालेल.

गोलचं काय मग. मला वाटतं तुझा प्रॉब्लेम गोल मोठा होता हा नव्हताच. २:०९ वरून २ तास हे होण्यासारखं आहे, वर्ष-दीड वर्षात होईल पण. प्रॉब्लेम हा की तू कॅलेंडरवर एक रविवार पकडलास आणि तिथून मागे मोजत आलीस, आणि मग पायानं काहीही सांगितलं तरी त्या मोजणीत त्याला जागाच नव्हती. सध्या काही महिने तारखेचे गोल नकोतच, पायाचे गोल धर. म्हणजे काय, तर पहिला गोल: ४५ मिनिटं भरभर चालणं, आठवडाभर, ना चालताना ना रात्री ना सकाळी उठल्यावर काही. दुसरा: एका पायावर उभं राहून टाच वर-खाली, २५ वेळा, उजव्यानं तेवढीच जेवढी डाव्यानं होते. तिसरा: अंगठ्यानं दाबलं तर काही नाही. चौथा: एका पायावर दहा उड्या, शांतपणे, पण हा फिजिओसमोर, घरी ट्राय करायचा नाही, तुझा पार्किंगचा इतिहास बघता मुद्दाम सांगतेय. आणि पाचवा, पाळीचं काय ते कळलेलं असणं आणि उपचार सुरू असणं. हे सगळं झालं आणि डॉक्टर हो म्हणाले की एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं दहा वेळा, दिवसाआड. दोन-तीन वेळा जमलं की दोन मिनिटं पळ एक मिनिट चाल, असं वाढवत. आधी मिनिटं वाढव, पेस नंतर, चढ त्याच्या नंतर, आणि उतार सगळ्यात शेवटी. चढाला दम लागतो म्हणून आपण त्याला अवघड समजतो पण नडगीवर खरा मार उतारावर बसतो, साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढताना तू बरी होतीस आणि परत उतरताना लंगडलीस ते उगाच नाही.

त्याच जागी काही जाणवलं की तिथेच थांबायचं, घरी चालत. "दहापैकी दोन दुखतंय म्हणजे चालतं" हा नियम तुझ्या ग्रुपमधले सांगतील, तो टाचेच्या अकिलीससारख्या स्नायुबंधाच्या दुखण्याला ठीक आहे, हाडाला नाही. इथे शून्य म्हणजे शून्य. पोटऱ्या मात्र दोन्ही दुखतील, पसरट, दोन दिवसांत जाईल, त्याला घाबरू नकोस.

बाकी वाचणाऱ्यांसाठी मध्येच सांगते, कारण अशी पत्रं अजून आली आहेत: वरचा आराम स्ट्रेस फ्रॅक्चरचा आहे, तो उचलून अकिलीस किंवा गुडघ्याच्या दुखण्याला लावू नका, तिथे बहुतेकदा पूर्ण आरामापेक्षा मोजून भार देणं कामाला येतं आणि ते फिजिओ ठरवून देतो. नडगी लांबभर पसरून दुखते आणि वॉर्म-अपनंतर कमी होते ती बहुतेकदा शिन स्प्लिंट्स, तरी दोन आठवड्यांत कमी नाही झालं तर दाखवा. एक्सरे नॉर्मल आला म्हणून खुश होऊ नका, स्ट्रेस फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे त्यात बऱ्याचदा दिसतच नाही. आणि पळताना जांघेत खोलवर दुखत असेल, किंवा नडगीच्या अगदी पुढच्या कडेला, किंवा पावलाच्या वरच्या बाजूला मध्यावर एकाच जागी, तर पुढचा रन न करता दाखवायला जा, या जागांची फ्रॅक्चर्स सरकू शकतात किंवा भरता भरत नाहीत, तिथे ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते.

साबळेचं म्हणशील तर २०२५ च्या जुलैमध्ये मोनॅकोला वॉटर जंपवर त्याचा गुडघा दुखावला, ऑपरेशन झालं, आणि सप्टेंबरमधली टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप त्यानं सोडली. ज्याचं अख्खं करिअर पळण्यावर आहे, दिमतीला डॉक्टर-फिजिओ आहेत, तो वर्ल्ड चॅम्पियनशिप सोडतो. उलटं उदाहरण पण लोक देतात, १९८४ मध्ये मॅरेथॉन पळणारी जोन बेनॉइट गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर १७ दिवसांत अमेरिकेची ऑलिम्पिक ट्रायल जिंकली आणि मग ऑलिम्पिकचं गोल्डही. पण तिथे हाड भरायची वाट बघायची नव्हती.

नवऱ्याबद्दल थोडंसं. "या वयात कशाला" हे चुकीचंच आहे, चाळिशीनंतर हाडांना भार हवाच असतो, पण त्याच्याशी वाद घालायला ही वेळ नाही, त्याला रिपोर्ट दाखव आणि पुढच्या अपॉइंटमेंटला बरोबर ने. डॉक्टर स्वतः म्हणाले की ही परत पळणार आहे, अमुक दिवसांनी, तर घरात तुला रोज बाजू मांडावी लागणार नाही. ग्रुपचं नोटिफिकेशन म्यूट कर, बाहेर नको पडूस. रविवारी पळून झाल्यावरच्या पोह्यांना जात जा, ज्यांना भेटावंसं वाटतं ते तिथे भेटतात, आणि पेसच्या गप्पा सुरू झाल्या की चहा घ्यायला उठ.

या आठवड्यात एवढंच कर: दोन्ही डॉक्टरांची अपॉइंटमेंट, ब्लड टेस्ट, रात्रीचं जेवण, आणि तलावाची चौकशी. मार्चपर्यंत सगळं नीट चाललं तर एखादी साधी १० किलोमीटर बघू, टाइम न बघता, उन्हाळा चढायच्या आत. २ तासांच्या आतलं पुढच्या हिवाळ्यात, आणि साताऱ्याचं जूनमध्ये ठरव, आत्ता फॉर्म भरू नकोस.

आणि हो, जानेवारीच्या एंट्रीचं काय करता येतं ते रजिस्ट्रेशनच्या मेलमधले नियम वाचून बघ. फुकट जाते म्हणून मैत्रिणीला तुझा बिब (छातीवरचा नंबर) लावून पळवू नकोस मात्र. दुसऱ्याच्या नावावर पळायची परवानगी नसते, आणि तिला रस्त्यात काही झालं तर मेडिकलवाल्यांच्या हातात तुझं नाव, तुझा ब्लड ग्रुप आणि तुझ्या नवऱ्याचा फोन नंबर असेल.